उरलेले शंकरराव

सकाळी साडेदहाच्या सुमारास काचीगुड्याच्या बसथांब्यावर एक अनोळखी बाई शंकररावांच्या पाया पडली. वेडीबिडी दिसत नव्हती. अंगावर चांगली साडी, हातात भाजीची पिशवी, पिशवीतून डोकावणारी अंबाडीची जुडी. आधी पाच मिनिटं ती नुसती बघत होती. शंकररावांनी शर्टाची बटणं तपासली, मग पँटची. सगळं जागच्या जागी होतं. तेवढ्यात बाईने डोक्यावरून पदर घेतला, चपला काढल्या आणि बसच्या काळ्या धुरात वाकून रीतसर नमस्कार केला. शंकररावांचं वय अठ्ठावन्न. आजवर त्यांच्या पाया एक सून तेवढी पडली होती, तीही लग्नाच्या दिवशी, फोटोग्राफरने दोनदा सांगितल्यावर. तरी त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "सुखी राहा."

"माफ करा हं," बाई उठता उठता ओशाळली. "तुम्ही अगदी आमच्या मामंजींसारखे दिसता. मला राहवलंच नाही."

"मामंजी गावी असतात का?"

"नाही हो, ते जाऊन अठरा वर्षं झाली. मी तर त्यांना बघितलंसुद्धा नाही, माझं लग्न नंतरचं. पण घरात मोठा फोटो आहे ना, रंगवलेला. रोज मीच हार घालते. तेच कपाळ, तेच कान. अंबरपेठेचे आबासाहेब. अफझलगंजला बियाण्याचं दुकान होतं बघा त्यांचं. मी त्यांची धाकटी सून, रेणू." मग तिने आवाज खाली आणला. "तुम्ही आमच्या भावकीतलेच का? गाव कोणतं तुमचं?"

"उदगीरकडचं."

"बघा! आम्हीही तिकडचेच. आडनाव काय म्हणालात?"

शंकरराव काहीच म्हणाले नव्हते. समोर एक बस येऊन उभी राहिली. ती कुठे जाते हे न बघता ते तीत चढले. कंडक्टरने विचारलं, "किदर?" तर म्हणाले, "सीधा." कंडक्टरने अफझलगंजचं तिकीट फाडून हातात दिलं.

खिडकीशी बसल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी आपले कान चाचपले. कान होते. पण ते आबासाहेबांचे होते यात शंका नव्हती, कारण शंकररावांनीच ते त्यांना दिले होते. आबासाहेबांनी जन्मात फोटो काढला नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असा त्यांचा पक्का समज. एकोणऐंशी साली पंचाहत्तराव्या वर्षी गेले, म्हणजे समजुतीत तथ्य असावं. तेरावं झालं आणि थोरला मुलगा विक्रम स्टेशनच्या गल्लीतल्या दुकानावर आला. पाटीवर लिहिलेलं होतं, ‘शंकर आर्ट्स, फोटोवरून व फोटोविना तैलचित्रे’. त्यातल्या ‘फोटोविना’ या शब्दावर अख्ख्या हैदराबादेत शंकररावांचा एकट्याचा हक्क होता. पद्धत साधी होती. मेलेल्या माणसाच्या घरी जायचं, सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि वहीत लिहून घ्यायचं. नाक कोणासारखं? आत्यासारखं. मग आत्याचं नाक उतरवून घ्यायचं. हनुवटी? धाकट्या नातवाची. डोळे? डोळ्यांवर हमखास भांडण व्हायचं, मग शंकरराव दोन्ही बाजूंचा एकेक डोळा घ्यायचे. आबासाहेबांच्या घरी त्यांना व्हरांड्यातच बसवलं. आधी नाव विचारलं, मग आडनाव. "सोनकांबळे," शंकरराव म्हणाले. मग चहा आला, त्यांचा काचेच्या ग्लासात, बाकीच्यांचा कपबशीत. काम मात्र नीट झालं. नाक, डोळे, मिशा सगळं लागलं. आणि कानांपाशी गाडी अडली. ज्या कानांत त्या घराने चाळीस वर्षं एकमेकांच्या चहाड्या ओतल्या होत्या, ते कसे होते हे एकालाही सांगता येईना. बायको सावित्रीबाई दाराआडून म्हणाल्या, "होते की दोन." कपाळ पागोट्याखाली, ते तर कोणी बघितलंच नव्हतं. अशा वेळी शंकरराव दुकानात यायचे, आरशासमोर बसायचे आणि जे कमी पडत असेल ते आपल्याकडचं घालून द्यायचे. कोणाला शंका आली नाही. सावित्रीबाई तसबीर बघून ढसढसा रडल्या आणि म्हणाल्या, "कान बघा, जिथल्या तिथं."

अशा रीतीने शहरातल्या निदान चाळीस दिवाणखान्यांत शंकररावांचे कान टांगलेले होते. कपाळ बावीस ठिकाणी. गळ्याची घाटी एका निवृत्त हेडमास्तरांना दिली होती, लक्ष्मणराव नावाच्या, आणि खालचा ओठ एका अडत्याला, तो तर तोंडाने भयंकर असलेला माणूस होता म्हणे. ज्या घरांत त्यांना कधी उंबऱ्याच्या आत बोलावलं नव्हतं तिथे त्यांच्या कपाळाला रोज गंध लागत होतं. या गोष्टीचं त्यांना इतकी वर्षं हसू यायचं. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना ते कधी कधी एकटेच हसायचे. आज बसमध्ये ते हसू येईना. पायांवर त्या बाईच्या बोटांचा स्पर्श अजून होता, डाव्या अंगठ्याशी थोडासा ओलसर. आणि नया पुलाच्या अलीकडे, बस खड्ड्यातून उसळली तेव्हा, त्यांच्या मनात सरळ आलं: मग बा?

कारण फोटोविना केलेलं पहिलं चित्र बाचं होतं. उमाजी सोनकांबळे, उदगीरच्या अडतीवर हमाल. शंकरराव सहा वर्षांचे असताना तापाने गेला. आई चतुराबाई पोराला घेऊन गाडीत बसली, काचीगुड्याला उतरली आणि रेल्वेच्या क्वार्टरांत धुणंभांडी करून तिने त्याला वाढवलं. फोटोचा प्रश्नच नव्हता. शंकररावांना बापाचं काहीच आठवत नव्हतं. आठवायचा एक वास, मिरचीच्या पोत्यांचा, नाकात शिरणारा. त्या वासाला तोंड नव्हतं. पण आई सांगायची, "तू बापावर गेलास. हुबेहूब." कोणी पाहुणा आला की सांगायची, शाळेत नाव घालताना मास्तरांना सांगितलं, ताप आला की कपाळावर हात ठेवून सांगायची. बाविसाव्या वर्षी, रंगकाम शिकून हात बसला तेव्हा, शंकरराव आरशासमोर बसले, स्वतःला वीस वर्षं वाढवली, मिशा दिल्या, डोक्याला फेटा बांधला आणि ओलं चित्र आईपुढे धरलं. चतुराबाई बघत राहिली. "व्हय," म्हणाली, "हेच." त्या एका शब्दावर शंकररावांचा पुढचा सगळा धंदा उभा राहिला. तसबीर दुकानात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी लागली. पस्तीस वर्षं ते तिला रोज सकाळी हात जोडत होते. आणि आता बियाण्याच्या व्यापाऱ्याची धाकटी सून एका बसथांब्यावर वाकली आणि त्यांना कळलं की पस्तीस वर्षं आपण एका आरशाला हात जोडले. रेणूला सासरा नव्हता तसा त्यांना बाप नव्हता. निदान तिच्या मामंजींना आत्याचं नाक तरी होतं.

अफझलगंजला उतरून ते मोठ्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसले. मागे मुसी नदी आपल्या नेहमीच्या वासासकट होती. याच इमारतीत, विशीत असताना, त्यांनी परदेशी चित्रांचं एक जाडजूड पुस्तक चाळलं होतं. त्यात एका चित्रकाराने स्वतःचंच तोंड रंगवलेलं होतं. गालावर हिरवा. पापण्या तांबड्या. मागची भिंत नुसती फिरत होती, भोवऱ्यासारखी, आणि रंग इतका जाड की छापील कागदावरूनही बोटाला लागेलसं वाटावं. शंकररावांना तेव्हा वाटलं, बिचाऱ्याला ब्लेंडिंग कोणी शिकवलं नाही. त्यांच्या धंद्यात चेहरा लोण्यासारखा लागायचा. ब्रशचा फटकारा दिसला की गिऱ्हाईक विचारायचं, "हे खरवडलं कुठं?" पण आज त्या हिरव्या गालाचा माणूस त्यांना लख्ख आठवत होता, आणि तो कोणासारखाही दिसत नव्हता, एवढंही आठवत होतं. तो कोणावर गेला होता असं कोणी म्हटलं नसतं. ते उठले. आत जाऊन पुस्तक शोधायची त्यांना गरज वाटली नाही. भीती वाटली, हे जास्त खरं. परतीच्या बसमध्ये त्यांनी ठरवलं की आपलं तोंड एकदा नीट काढून बघायचं. जे जे वाटून टाकलं ते बाजूला ठेवायचं. त्यानंतर जे उरेल त्यात बा असला तर असेल. नसला तर तोही निकाल.

घर दुकानाच्या मागेच होतं, दोन खोल्या आणि एक मोरी. कामं तशीही कमी झाली होती. समोरच्या बाजूला एक कंप्युटरचं दुकान निघालं होतं. तिथे पासपोर्ट फोटोवरून दहा मिनिटांत माणसाला सूट चढवत, मागे बर्फाचे डोंगर लावत, आणि जन्मभर एकमेकांशी न बोललेल्या नवराबायकोला एका सोफ्यावर आणून बसवत. मुलगा संघपाल अमीरपेठेत कंप्युटरचा कोर्स करून आला होता आणि रोज जेवताना एकच विषय काढायचा. "बाबा, स्कॅनर घेऊ या. तुम्ही नुसतं बसायचं. सुरकुत्या एका क्लिकवर जातात."

"जातात कुठं?" शंकररावांनी विचारलं होतं.

संघपालला तो तांत्रिक प्रश्न वाटला. "डिलीट होतात," त्याने समजावून सांगितलं.

शंकरराव आरशासमोर बसले ते तीन दिवस. पहिला दिवस वाया गेला. कपाळ बघितलं, ते बावीस जणांचं. कान बघितले तर आबासाहेब रागाने बघायला लागले. घाटी हलली ती हेडमास्तरांची. ओठ बघायला गेले तर अडत्याच्या शिव्या ऐकू आल्या. स्वतःच्या तोंडावर इतकी गर्दी त्यांनी कधी बघितली नव्हती. जनगणनेचा माणूस आला असता तर त्याने वही उघडली असती. आणि सगळ्यांच्या मागे, फेटा बांधून, उमाजी सोनकांबळे उभे होते, तेही त्यांनीच बांधून दिलेल्या फेट्यात. दुसऱ्या दिवशी त्यांनी काढलेलं सगळं पुसलं आणि आरशाकडे बघायचं कमी केलं. डोळे मिटले. डाव्या गालाच्या आत गरम लागत होतं, उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखं. तिथे तांबडा लावला, रंगाच्या सुरीने, ट्यूबमधला तसाच. डोळ्यांखाली कित्येक वर्षांपासून काहीतरी ओलं, शेवाळलेलं साठलं होतं. रडू नव्हतं, रडू आलं असतं तर केव्हाच वाहून गेलं असतं. तिथे हिरवा गेला. हात थांबला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला आपण हिरवा लावला! गिऱ्हाईक असतं तर पोलिसांत गेलं असतं. पण हात पुन्हा सुटला, आणि मग जबड्याच्या कडेने निळ्याचे आखूड, जाड फटके पडत गेले, एकापुढे एक, पेरणी केल्यासारखे. व्हरांड्यातला तो काचेचा ग्लास आठवला, बोटांना चटका देणारा, आणि कपाळ पिवळं झालं, जळजळीत. ते कपाळ बावीस जणांपैकी कोणीही घेतलं नसतं. कानाच्या जागी नुसता एक तपकिरी पिळा आला, आणि बघता बघता आबासाहेब निघून गेले. मागची भिंत स्वस्थ बसेना. तिला त्यांनी मिरचीचा रंग दिला आणि ती फिरायला लागली.

तिसऱ्या दिवशी सून गीता चहा घेऊन आली. दारातच थांबली. त्या दुकानात मेलेल्या माणसांखेरीज कोणाचं चित्र होत नाही हे तिला ठाऊक होतं.

"मामा, हे कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," शंकरराव म्हणाले.

तिने चहा ठेवला, कपबशीवर झाकणी ठेवली आणि नवऱ्याला बोलावून आणलं. संघपाल चित्राभोवती असा फिरला जसा कोणी अपघात झालेल्या स्कूटरभोवती फिरतो. "बाबा, रंग खराब झाले का? तोंड हिरवं कायकू केलं?"

"होतं म्हणून."

"गिऱ्हाईक परेशान होईल ना."

"गिऱ्हाईक मीच आहे."

"मग लाइट लेलो, टेन्शन नको," संघपाल म्हणाला, पण हलला नाही. थोड्या वेळाने वेगळ्याच आवाजात म्हणाला, "बाबा, तुमची तबियत ठीक आहे ना? तुम्ही झोपेतून उठता तेव्हा असे दिसता. एक मिनिटभर. मग नीट होता."

शंकररावांनी मुलाकडे बघितलं. आपण झोपेतून उठताना हा आपल्याकडे बघतो हे त्यांना माहीत नव्हतं. ते म्हणाले, "आजीला आण धरून."

चतुराबाईला धरून आणावं लागलं नाही. सत्त्याहत्तर वर्षांची ती बाई भिंतीला हात लावत स्वतः आली, कोणी न सांगता खुर्चीत बसली आणि चष्मा पदराने पुसू लागली. संघपाल आणि गीता आत गेले. दुपारचं ऊन अर्ध्या शटरखालून आत सरपटत होतं. आता विचारायचं होतं. शंकरराव आईच्या पायाशी जमिनीवर बसले.

"आई, हे मी आहे."

"दिसायलंय की," चतुराबाई म्हणाली. "मला काय आंधळी समजलास?"

या उत्तराने ते जरा गडबडले. घरात हे चित्र कोणाचं, हे न विचारता ओळखणारी ती पहिलीच. "मग नीट बघ. यात बा कुठं दिसतो का? गालात, डोळ्यांत, कुठं बी. खरं सांग."

तिने बघितलं. घाई केली नाही. भाकरी भाजली की नाही हे बघावं तसं, कडेकडेने, मग मधोमध. बाहेर गाडी येऊन गेली, स्टेशनावरची तेलुगू घोषणा सुरू झाली आणि संपली. शंकररावांना वाटलं, हिने आता खोटं सांगितलं तरी चालेल. मग वाटलं, नाही चालणार.

"न्हाई," चतुराबाई म्हणाली.

"कुठंच?"

"कुठंच न्हाई. तू त्याच्यावर गेलाच न्हाईस. माझ्यावर बी न्हाई. तू कोणावरच गेला न्हाईस बाबा. जल्मलास तवा सुईण बी म्हनली, हे कुणाचं तोंड घिऊन आलंय."

शंकररावांनी मान वर करून भिंतीवरच्या फेटेवाल्याकडे बघायचं टाळलं. "मग जन्मभर सांगायलीस ते?"

"काय सांगू मग? बाप न्हाई, घर न्हाई, वावर न्हाई. लोकं आपापल्या लेकराला कायकाय देतेत. मी काय द्यावं? म्हनलं, तोंड तरी बापाचं हाय म्हून सांगावं. तेवढं तर कुणी काढून घेत न्हाई."

"आणि चित्र केलं तवा? व्हय म्हणालीस तू. हेच म्हणालीस."

"तुझ्या हातावर रंग वल्ला होता," ती म्हणाली. "तोंडाकडं बघवंना तुझ्या. न्हाई म्हनून कुठं जायाचं म्या?" मग पुढचं बोलली ते चित्राकडे बघून नव्हे, शटरखालच्या उजेडाकडे बघून. "आन् मला तरी कुठं ठावं, शंकर. मी त्याचं तोंड बघितलंच न्हाई नीट."

"म्हणजे?"

"नवऱ्याच्या तोंडाकडं बघायची रीत होती का तवा? मी बारा वर्सांची आले. घरात सासू, चुलत्या. तो आला की मी चुलीकडं तोंड करायची. बाहीर निघालं की तो म्होरं, मी मागं. अडतीवर, बाजारला, माहेरला, कुठं बी. चौदा वर्सं म्या त्याच्या पाठीमागं चालले. तोंड इचारशील तर मला सांगता यायचं न्हाई. पाठ इचार."

शंकररावांनी चित्राकडे बघितलं. बा नव्हता, हे ठरलं. निकाल लागला. हिरव्या गालाचा तो माणूस कोणाचाही नव्हता, आईचाही नव्हता, अठ्ठावन्न वर्षं कोणाच्या तरी तोंडाने वावरलेला आणि आत्ता कुठे एकटा पडलेला. त्याच्याकडे बघताना त्यांना वाईट वाटलं आणि थोडासा मानही वाटला, अनोळखी माणसाविषयी वाटतो तसा. मग ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. ते चित्र उचलून भिंतीला लावून ठेवलं. घोडीवर कोरा बोर्ड चढवला, कोळसा घेतला, आणि पस्तीस वर्षांत हजारदा विचारलेल्या सवयीने विचारलं, "मान कशी होती?"

"आखूड," चतुराबाई लगेच म्हणाली. तिला आठवावं लागलं नाही. "पोत्यानं दबलेली. मागं दोन वळ्या. केस तिथं येऊन कुरळं व्हायचं, घाम आला की चिकटायचं."

"खांदे?"

"डावा खाली. त्याच्यावर ही एवढी गाठ, वझ्याची. बंडी तिथंच फाटायची. कितीबी शिव, तिथंच. आसं न्हाई, गोल कर. हां. हात लांब. हात हालवत न्हाई चालायचा, मुठी धरून चालायचा. पाय आत वळलेलं थोडं."

कोळसा चालत होता. शंकरराव कुठून काही घालत नव्हते; घालायला त्यांच्याकडे काही नव्हतं. स्वतःची पाठ कोणालाच ठाऊक नसते. ती सांगेल तेवढंच बोर्डावर येत होतं. ती थांबली की तेही थांबत. हळूहळू मान आली, गाठ आली, फाटकी बंडी आली, आणि एक माणूस त्यांच्याकडे पाठ करून बोर्डभर उभा राहिला. मिरचीच्या पोत्यांचा वास येतो का म्हणून त्यांनी श्वास ओढून बघितला. टर्पेंटाइनचाच आला.

"हे न्हाई," चतुराबाई म्हणाली.

"काय चुकलं?"

"चुकलं न्हाई. लई जवळ आणलास. एवढ्या जवळ मला चालू देतेत का? म्होरं घे त्याला."

शंकररावांनी फडक्याने सगळं पुसलं आणि माणूस पुन्हा काढला, लहान, वर, रस्त्याच्या पुढच्या टोकाला. त्याच्यामागे बराच रस्ता मोकळा राहिला.

"आजून थोडा."

त्यांनी अजून थोडा पुढे घेतला.

"आता बरूबर," ती म्हणाली. शंकररावांनी वळून बघितलं. तिची नजर त्या पाठीवर लागली होती, आणि खुर्चीखाली, जमिनीला न टेकणारे तिचे दोन्ही पाय एकामागून एक हलत होते, कोणाच्या तरी चालीने, अंतर राखून.